जवळ घ्यायला निमित्त कशाला लागतं?

मोगरा_सायली

धाकटा हॉस्टेलवरून सुट्टीला आला. तिकडे पोरांमध्ये भेटलं की मिठी, निघालं की मिठी, पेपर बरा गेला की मिठी. त्याच सवयीने त्याने दारातच माझ्या सासऱ्यांना मिठी मारली. सासरे दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभे, राष्ट्रगीत लागल्यासारखे. मग "बरं बरं, आधी पाय धू" म्हणत आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारतात, "याचं तिकडे सगळं ठीक आहे ना गं?"

आम्ही हसलो, पण विषय डोक्यातून जाईना. आमच्या घरात माया नाही असं कुणी म्हणणार नाही. सासरे नातवासाठी मंडईत जाऊन एकेक आंबा हुंगून आणतात. मला बरं नसलं की नवरा न सांगता कुकर लावतो. पण मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला काही कारण नसताना जवळ घेणं? मुलगी वयात आली की बाप हात आखडता घेतो, मुलाला मिसरूड फुटलं की आई. मग ताप आला तर कपाळावर हात, परगावी निघताना पाठीवर हात, आणि मधली वर्षं कोरडी.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे स्पर्शाला निमित्त लागतं आणि त्यात आपण बरंच गमावतो. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

रुमाल_टाकतो

रुमाल टाकून ठेवतो. लिहायचंय, पण निवांत.

कऱ्हाडकर

काही गमावत नाही. आमच्या दादांनी मला कळतं वय झाल्यापासून कधी जवळ घेतलेलं नाही. पण माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून अख्ख्या गल्लीत पेढे वाटून आले. मला काय ते कळलं. माया कळायला अंगाला अंग लागायलाच पाहिजे असा नियम कुणी काढला? हे मिठ्यांचं खूळ टीव्हीने आणलंय.

चाफेकळी

+१ कऱ्हाडकर. आमच्याकडे "जेवलीस का?" हीच मिठी.

अबोली_रत्नागिरी

कऱ्हाडकर, टीव्ही यायच्या आधीपासून आमच्या गावात बायका गळ्यात पडत आल्यात. मयताच्या घरी बाई आली की उंबऱ्यातच घरच्या बाईच्या गळ्यात पडायची. दोघी मोठ्याने रडायच्या, मग तिसरी येऊन दोघींना धरायची. लेक सासरी निघाली की तेच. आई, मावश्या, शेजारणी, एकीच्या गळ्यातून सुटून दुसरीच्या. मी लहान होते, मला वाटायचं हे ठरवून करतात. बरंचसं ठरलेलंच होतं म्हणा. पण त्या धरण्यात जोर असायचा, तो काही नाटकाचा नव्हता.

म्हणजे मिठी होतीच. दुःखाला होती, सुखाला नव्हती. सुखाला आपण साखर ठेवतो हातावर.

तालमीतला_गडी

आमच्याकडं कोल्हापुरात पुरुष पुरुषाला हात लावत न्हाई असं कुणी म्हणलं तर पोरं हसतील. तालमीत मेहनत झाली की एकमेकांचं अंग रगडायचं, मांड्या तुडवायच्या, पाठीवर चढायचं. हळद, ताक, तेल मुरलेली लाल माती अंगभर. कुस्ती निकाली झाली की हरलेला आणि जिंकलेला उराउरी भेटतात, नसतील भेटत तर वस्ताद दटावून भेटवतो.

पण सायलीताईंचं एक खरं हाय. हाच गडी घरी गेला की बापापुढं हात मागं बांधून उभा. आम्ही दोघं भाऊ एकाच तालमीत वाढलो. तिथं एकमेकांच्या मानेवर बसायचो, घरात एकमेकांच्या अंथरुणाला पाय लागला तरी भांडण.

स्टेथो

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी रुग्णालयात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. एका पेटीत दोन-तीन बाळं, त्यातून एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. तिथले डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल अशी बांधायला सुरुवात केली. यालाच आज कांगारू मदर केअर म्हणतात. आधी ही गरिबांची सोय समजली जायची. पेटी नाही म्हणून आई, इतकंच.

मग २०२१ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाची तीन हजारांहून जास्त बाळं. एका गटाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलं. दुसऱ्या गटाला, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, तब्येत स्थिरावल्यावर. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत लगेच ठेवलेल्या गटात शंभरातली १२ बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली.

यात ऊब आहे, आईचं दूध लवकर सुरू होणं आहे, आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू आहेत. एकट्या मायेच्या नावावर सगळं जमा करू नका. पण बाळ तिथे असतं म्हणून हे सगळं घडतं.

आमच्या वॉर्डातली गंमत सांगते. आई दमली की बापाला बसवतो. बाप शर्टाची वरची दोन बटणं काढतो आणि थांबतो. आजीबाई कुजबुजतात, "बाप्याच्या अंगावर कशाला?" आम्ही म्हणतो, आजी, हे औषध आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मग बाप बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. सायलीताई, निमित्त म्हणाल तर हेही निमित्तच.

वैतागलेला_पुणेकर

डॉक्टरीणबाई, तुम्ही आलाच आहात तर एक निकाल द्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की रोज वीस सेकंद मिठी मारली की रक्तदाब आटोक्यात राहतो. बायकोने मोबाईलवर टायमर लावला. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला गेली. आता ते मायेचं संप्रेरक म्हणतात ते ऑक्सिटोसिन अर्धवट राहिल्याचे काही दुष्परिणाम?

चाफेकळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

स्टेथो

पुणेकर, तुमच्या ग्रुपने प्रयोगातला सोयीचा तुकडा उचललाय. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. जोडप्यांनी आधी दहा मिनिटं हात हातात घेऊन बसायचं, मग वीस सेकंद मिठी, मग ज्याचा त्रास होतो त्या गोष्टीवर बोलायचं. एकट्या बसलेल्या लोकांचा रक्तदाब बोलताना जास्त चढला, यांचा कमी. फॉरवर्ड करणाऱ्याने दहा मिनिटं खाल्ली आणि वीस सेकंद ठेवले. आणि तो परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला होता. गोळ्या बंद करू नका.

आणखी एक, तुम्हाला आवडेल असा. २००६ चा प्रयोग. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात धरल्यावर मेंदूतली धास्ती कमी दिसली, अनोळखी माणसाचा हात धरल्यावर त्याहून कमी फरक पडला. आणि ज्यांचं आपसात चांगलं पटत होतं त्यांना नवऱ्याच्या हाताचा उपयोग जास्त झाला.

ऑक्सिटोसिनबद्दल एकच सांगते. प्रसूतीच्या खोलीत आम्ही ते रोज सलाईनमधून देतो, तिथे त्याचं काम चोख आहे. प्रत्येक मायेच्या गोष्टीला त्याचं लेबल लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा आपल्या केसाळ त्वचेतल्या एका वेगळ्या प्रकारच्या मज्जातंतूंची गोष्ट भारी आहे. ते हळुवार कुरवाळण्यालाच नीट दाद देतात, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग याच टप्प्यात येतो. तिला कुणी शिकवलेलं नसतं.

वैतागलेला_पुणेकर

झटक्याच्या प्रयोगाला आम्ही बसणार नाही. निकाल घरी कळवावा लागेल.

द_हेगवासी

नेदरलँड्समध्ये वाढदिवसाला गेलात की गालाला गाल लावून तीन पाप्या. उजवा, डावा, उजवा. आलेल्या प्रत्येकाशी. नवीन होतो तेव्हा मी नेमका चुकीच्या बाजूला वळायचो आणि नाकावर नाक आपटायचं. कोविडनंतर हे बरंच कमी झालंय, आणि खरं सांगू, बऱ्याच डच लोकांनाच सुटल्यासारखं वाटलंय. तेव्हा परदेशात सगळे मायेने ओथंबलेले असतात हा समज नको. पुष्कळदा तो आपल्या नमस्कारासारखा रिवाज असतो, अंगाला अंग लागतं इतकंच.

आई_आणि_वकील

कौतुक चाललंय, त्यात थोडं विरजण घालते. "मामाला पापी दे", "काकूला मिठी मार, नाहीतर काकू रागावेल". पोर आईच्या मागे लपतंय आणि आपण त्याला पुढे ढकलतोय. हे दृश्य प्रत्येक लग्नात दिसतं. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. शाळेत चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवतात. आणि घरी आपण शिकवतो की मोठ्या माणसाने मागितलं तर अंग पुढे करायचं. पोराने कुणाचं ऐकायचं?

माझ्या घरी नियम सोपा आहे. मुलीला विचारायचं, मिठी, टाळी की लांबून टाटा? ती टाटा म्हणाली तर टाटा. एका नातेवाईकांना राग आला. येऊ दे.

कऱ्हाडकर

हेच म्हणतोय मी. लांबून बरं.

आई_आणि_वकील

नाही हो, तुम्ही हे म्हणत नाही आहात. "कुणीच नको" आणि "तिला हवं तेव्हा" यात फरक आहे. माझी मुलगी दिवसातून शंभरदा येऊन लोंबकळते. विचारायला लागल्यापासून जास्तच.

ओवी_जात्यावरची

सगळे टीव्ही आणि परदेश यावर बोलताय, मला वाटतं मुळाशी सोवळं आहे. माझी आजी सोवळ्यात असायची. शाळेतून आलो की तिला शिवायचं नाही, दप्तराचा विटाळ. कपडे बदलले, पाय धुतले, मग तिचं जेवण व्हायचं होतं म्हणून परत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला कुठे मांडीवर जागा मिळायची. आई महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात, "कावळा शिवला". तेव्हा धाकटा भाऊ तान्हा होता. त्याला आईकडे द्यायचं तर अंगावरचं झबलं उतरवून द्यायचे. नागडं पोर चालतं, कपड्याला विटाळ. ज्या घरात कोण कुणाला कधी शिवेल याचा रोज हिशेब होता, तिथे मोठेपणी सहज मिठी कुठून येणार?

आणि हा हिशेब घराच्या आतलाच होता असंही नाही. पंढरपूरला विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला मिळतं, पण दलितांना आत पाऊल टाकता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. महाराष्ट्रात स्पर्शाची चर्चा करायची आणि हे टाळायचं, हे मला जमत नाही.

भटका_जोशी

एवढा छान चाललेला धागा जातीवर न्यायलाच हवा का?

ओवी_जात्यावरची

नेला नाही. तिथेच होता.

अबोली_रत्नागिरी

ओवी, पटलं. मी मालवणी मुसलमान मोहल्ल्याला लागून वाढले. ईदला शेजारच्या घरातले बाप-लेक, काका-पुतणे एकेकाची गळाभेट घ्यायचे. माझे भाऊ शिरखुर्मा खायला जायचे आणि भेटीची वेळ आली की खांबामागे. पुढे पुढे सरावले.

दिंडीतला

वारीत मात्र उलटं असतं. ओळख ना पाळख, माणूस समोर आला की "माउली" म्हणून वाकायचं. तोही वाकतो. डोक्याला डोकं लागतं कधी कधी. फुगडीत माझ्या बापाच्या वयाच्या माणसाने माझे हात धरून गरागरा फिरवलंय. विठोबाचं पदस्पर्श दर्शन कोविडमध्ये बंद झालं होतं, ते २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झालं. त्या वर्षीच्या आषाढीला रांगेत माणसं कळस दिसल्यापासून रडत होती. लांबून दर्शन तर टीव्हीवर रोज होतं की. त्याने भागत असतं तर लोक रांगेत रात्र कशाला काढतात?

वैतागलेला_पुणेकर

कऱ्हाडकर, टीव्हीवाल्यांचा मुद्दा आहे, उत्तर द्या.

निळी_गोधडी

वेगळ्या बाजूने लिहिते. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. हलका स्पर्श त्याला सहन होत नाही. गालावरून कुणी बोट फिरवलं तर तो तो गाल कितीतरी वेळ पुसत राहतो. नातेवाईक म्हणतात, "हा माणूसघाणा आहे." पण घट्ट दाबलेलं त्याला आवडतं. दोन जाड गोधड्यांमध्ये गुंडाळून वरून मी लोळते, तेव्हा तो शांत होतो. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या स्वमग्न प्राध्यापक बाईंनी तरुणपणी स्वतःसाठी एक यंत्रच बनवलं होतं. गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा असतो ना, त्यावरून सुचलेलं. दाब किती हवा ते त्या स्वतः ठरवायच्या.

त्यामुळे जवळ घेणं चांगलं की वाईट असा सरसकट निकाल मला लावता येत नाही. कुणाला, कसं, किती हे त्या माणसाकडूनच समजून घ्यावं लागतं.

स्टेथो

गोधडीताई, किती नेमकं लिहिलंत. हलका स्पर्श आणि खोल दाब यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि अशा मुलांच्या उपचारातही हे वापरतात.

एकटी_राहते

सगळं वाचतेय. मी त्रेसष्ट वर्षांची. हे गेले, लेक अमेरिकेत. रोज व्हिडिओ कॉल, नातू पडद्याला ओठ लावतो. कुणी एकटेपणाचं विचारलं की मी सांगते, मैत्रिणी आहेत, भिशी आहे, गाण्याचा क्लास आहे. ते खरंच आहे. पण कित्येक दिवस कुणाचा हात अंगाला लागत नाही. भाजीवाला सुटे पैसे देताना बोटं लागतात तेवढीच. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. बाईने या वयात असं म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात.

मी पार्लरमध्ये जाऊन डोक्याला तेल लावून घेते. केस राहिलेत किती ते विचारू नका. ती मुलगी नांदेडची आहे, जोरकस हात आहे तिचा, मान मोडेपर्यंत चोळते. पैसे देऊन का होईना, मिळतं. कीव नको, माहिती म्हणून लिहिलं.

चाफेकळी

मावशी, कीव नाही. पण माझ्या आईला मी शेवटचं तेल कधी लावलं ते आठवतेय.

अबोली_रत्नागिरी

मावशी, कुठे असता? गणपतीत रत्नागिरीला या. आमच्या बायका भेटल्या की सोडत नाहीत.

एकटी_राहते

ठाण्याला. विचार करते. मोदक तुमच्या हातचे असतील तर नक्की.

रुमाल_टाकतो

आलो. रुमाल अजून जागेवर आहे.

आमचे अण्णा कडक. पोलीस खात्यात होते, घरातही तोच आवाज. लहानपणी त्यांचा हात लागायचा तो कानाखाली. निवृत्तीनंतर अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. माणूस ठेवला होता, तो रविवारी यायचा नाही. रविवार माझा.

पहिल्यांदा दाढी केली तेव्हा माझे हात थरथरत होते. त्यांनी डावीकडचा गाल आतून जिभेने फुगवून दिला, मी लहानपणी त्यांना आरशात करताना बघायचो तसाच. मग अंग पुसणं, नखं, पायाला तेल. ते बोलायचे नाहीत, मीही नाही. रेडिओ लावायचो. पुढे पुढे ते शनिवारीच माणसाला सांगायला लागले, "दाढी ठेव, उद्या तो करेल." ही दोन वर्षं मला फुकट मिळालेली आहेत असं मी धरतो.

सायलीताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निमित्त लागतं. पण निमित्त वाईट असतं हे मला मान्य नाही. आम्हा दोघांना मिठी मारायला सांगितली असती तर एक तरी घर सोडून गेला असता. वस्तरा हातात होता म्हणून जमलं. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही आणि हातानेही मोकळं होता येत नाही, त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी ही निमित्तं करून ठेवली असावीत. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आई थोराड झालेल्या मुलाच्याही पाठीला तेल-उटणं लावते. एरवी तो पाठ दाखवेल का तिला? बहीण औक्षण करते, म्हातारी कानशिलावर बोटं मोडते, मावशी हळद लावते. सगळं हाताने.

तालमीतला_गडी

रुमालभाऊ, तोडलंस. आमची आई अजून दिवाळीला आम्हा दोघा भावांना एकाच पाटावर बसवती. पाट मोडतोय आता.

आई_आणि_वकील

रुमाल, सुंदर. फक्त एक शंका. ही निमित्तं बहुतेक बायकांच्या हातांनी चालतात. तेल आई लावते, ओवाळते बहीण, हळद मावशी लावते. बाप्यांना निमित्त मिळतं ते आजारपणात किंवा आखाड्यात. तुमच्या अण्णांना झटका आला नसता तर?

रुमाल_टाकतो

तर काहीच झालं नसतं. उत्तर नाही माझ्याकडे.

मोगरा_सायली

सगळ्यांचं वाचलं, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसत नाही. "निमित्त लागतं आणि त्यात आपण गमावतो" हे माझं वाक्य रुमाल यांनी अर्धं करून टाकलं, ते अर्धं मी सोडते. उरलेलं अर्धं सोडत नाही. एकटी_राहते मावशींना आजारी पडल्याशिवाय किंवा पैसे मोजल्याशिवाय हात लागू नये, याला मी सोय म्हणणार नाही. आणि वकीलताईंचा प्रश्न तर माझ्याच घरातला आहे. माझ्या सासूबाई होत्या तोवर सासऱ्यांच्या डोक्याला त्या तेल लावायच्या. त्या गेल्यावर ते काम कुणाकडेच आलं नाही. सुनेने लावावं तर त्यांना अवघड, मलाही. मुलाला सुचत नाही.

वैतागलेला_पुणेकर

नातवाला सांगा. तो आधीच अटक करण्यालायक गुन्हा करून बसलाय.

कऱ्हाडकर

मिठ्यांबद्दलचं माझं मत होतं तेच आहे. हा प्रश्न वेगळा आहे, डॉक्टर मॅडमना. दादा ८४ वर्षांचे आहेत. टाचांना भेगा पडल्यात, रात्री पाय दुखतात म्हणतात. खोबरेल लावून चोळलं तर चालेल का? कुठे दाबायचं नाही वगैरे काही आहे का?

स्टेथो

मी बाळांची डॉक्टर, पण एवढं सांगू शकते. मधुमेह असेल तर आधी पाय दाखवून घ्या, त्यांना जखम झालेली कळत नाही. एकच पाय सुजलेला, गरम लागणारा किंवा लाल असेल तर चोळायचं नाही, लगेच दवाखाना. तसं काही नसेल तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, तेल घोट्याकडून वरच्या दिशेला हलक्या हाताने. भेगांत ब्लेड-दगड काही घालू नका. बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही, बुरशी होते. आणि तेलकट पायाने त्यांना लगेच फरशीवर चालू देऊ नका.

कऱ्हाडकर

साखर आहे. आधी दाखवून घेतो. रात्री लावायचं की सकाळी?

स्टेथो

रात्री. मोजे घालून झोपवा.